नळाला मीटर बसवण्याआधी: कोकणातल्या एका नळपाणी योजनेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यालगतचं गाव, पाच वाड्या, २०० नळजोडण्या. खालच्या विहिरीतून पाणी उपसून सड्यावरच्या (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरच्या) टाकीत चढवतात आणि तिथून उताराने वाड्यांना सोडतात. आजवर वर्षाची ठरावीक पाणीपट्टी होती. आता घरोघरी मीटर बसवायचं चाललं आहे. पैसे वाढणार का? नळात हवा आली की मीटर पळतो, हे खरं का? मुंबईकरांच्या बंद घरांना किती आकारायचं? मीटर कोणता घ्यायचा, कसा लावायचा?

पैशांपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच आहेत. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत. मांडणी तीच ठेवून तुमच्या कीर्दीतले आकडे घाला.

घरटी ४ माणसं धरली तर ८०० लोकसंख्या. जलजीवन मिशनचा (सुरुवात १५ ऑगस्ट २०१९) निकष माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे नळाला रोज ४४,००० लिटर पोचायला हवं. उपशातलं २० टक्के पाणी गळतीत जातं असं धरलं तर पंपाने रोज ५५,००० लिटर चढवावं लागतं. वर्षाचा उपसा २०,०७५ हजार लिटर, त्यातलं नळाला पोचलेलं १६,०६० हजार लिटर. एक हजार लिटर म्हणजे एक घनमीटर, आणि मीटरच्या भाषेत एक युनिट. विजेच्या युनिटशी घोटाळा नको म्हणून पुढे ‘हजार लिटर’ असंच म्हणतो.

विजेचं गणित सोपं आहे. हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला निव्वळ ०.२७२५ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज कामी येते असं धरा (गावातल्या वापरून झिजलेल्या पंपाला हे फार कमी धरलेलं नाही), की ती ०.५४५ होते. टाकीची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून ८० मीटर असेल तर हजार लिटरमागे ०.४३६ युनिट. वर्षाला साधारण ८,७५० युनिट. ६ रुपये दराने ५२,५०० रुपये. टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर): लिटरला दीड मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचं आणि पावडरीत २५ टक्के क्लोरिन उरलं आहे असं धरलं, तर हजार लिटरला ६ ग्रॅम, दिवसाला ३३० ग्रॅम, वर्षाला १२० किलो. ५० रुपये किलोने ६,००० रुपये.

आता दुसरी बाजू. पाणी सोडणारा आणि पंप बघणारा माणूस, महिना ८,००० धरून वर्षाला ९६,०००. पाइप, जोड, व्हॉल्व्ह, फुटतूट ४०,०००. पंप-मोटर बदलण्यासाठी बाजूला टाकायचे ३०,०००. पावत्या, वसुली, कागद ५,५००.

एकूण २,३०,०००. नळाला पोचलेल्या पाण्यावर भागलं तर हजार लिटरला सव्वाचौदा-साडेचौदा रुपये पडतात; घरांवर भागलं तर वर्षाला ११५०, महिन्याला ९६ रुपये. पाणी पाटबंधाऱ्याच्या धरणातून उचलत असाल तर त्याची पाण्याची आकारणी वेगळी येते. स्वतःच्या विहिरीवर ती नाही.

या २,३०,००० मध्ये वापराबरोबर वाढणारा-घटणारा खर्च फक्त वीज आणि टीसीएल, मिळून ५८,५०० रुपये. उरलेले १,७१,५०० रुपये कोणी तोटी उघडो वा न उघडो, होतातच. शंभरातले पंचाहत्तर रुपये स्थिर खर्चाचे आहेत. हजार लिटर जास्तीचं पाणी द्यायला योजनेला खरोखर लागतात ते साडेतीन-पावणेचार रुपये.

आता मीटरचा खर्च यापुढे ठेवा. मीटर, फिटिंग आणि चेंबर मिळून घरटी २,००० धरा. २०० घरांचे ४ लाख. मीटरचं आयुष्य ८ वर्षं धरलं तर वर्षाला ५०,०००, शिवाय वाचन घेणाऱ्याचे हात. मीटर लागल्यावर लोकांनी वापर २० टक्क्यांनी कमी केला असं जरी मानलं, तरी वीज आणि टीसीएल मिळून वाचतात ११,७०० रुपये. तेव्हा ‘मीटरमुळे योजनेचे पैसे वाचतील’ असं ग्रामसभेत कोणी सांगत असेल तर त्याला हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवा. पैशासाठी मीटर बसवायचा असेल तर तो बसवू नये.

तरीही मीटर हवा, आणि तो मे महिन्यासाठी हवा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा चाळणीसारखा. वरून मुरलेलं पाणी झऱ्यांवाटे वाहून जातं आणि शिमग्यानंतर विहिरीचा तळ दिसायला लागतो. मेमध्ये उपसा ५५,००० वरून ३०,००० वर आला, की गळती वजा जाता माणशी ३० लिटर उरतात. त्याच दिवसांत माडाला ठिबकने सुद्धा रोज ३०-४० लिटर लागतात, पाइप लावून सोडलं तर विचारूच नका. दारचे दहा माड म्हणजे रोज ३५० लिटर. चार माणसांचं घर २२० लिटर वापरतं. म्हणजे नळावर शिंपलेले दहा माड हे दीड घराचं पाणी पितात, आणि ते दीड घर असतं शेवटच्या वाडीतलं, जिथे पाणी पोचायच्या आधी वेळ संपते. मीटरशिवाय याचं फक्त भांडण होतं, हिशेब होत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. घरांना हात लावण्याआधी मोठे मीटर बसवा: एक पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळावर, एक टाकीच्या आउटलेटवर, आणि प्रत्येक वाडीच्या फाट्यावर एकेक. पाच वाड्यांना सात मीटर. ते आयएस (भारतीय मानक) २३७३ चे, मोठ्या प्रवाहाचे असतात. इथे नेहमीची चूक म्हणजे पाइपाच्या मापाचा मीटर घेणं. पंप सहा तासांत ५५ हजार लिटर देतो म्हणजे तासाला ९ हजार लिटर. त्याला ५० मिमीचा मीटर पुरतो, उर्ध्ववाहिनी (पंपापासून टाकीपर्यंतचा पाइप) ८० मिमीची असली तरी. मोठा मीटर कमी प्रवाहात आळशी होतो आणि कमी दाखवतो.

पंपाचा मीटर बसला की विजेच्या मीटरशेजारी एक वही टांगा आणि दर रविवारी दोन्ही आकडे लिहा. युनिट भागिले हजार लिटर. आपल्या उदाहरणात ते ०.४४ च्या आसपास राहायला हवं. विहिरीची पातळी ५ मीटर खाली गेली तर ८० मीटरवर ती वाढ सहा टक्क्यांची, म्हणजे ०.४६-०.४७. आकडा ०.५५ झाला तर दोष पंपाच्या पंख्यात आहे, नाहीतर उर्ध्ववाहिनी कुठे तरी गाळाने अरुंद झाली आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला आहे. पंपाच्या मीटरमधून गेलेलं पाणी आणि टाकीतून बाहेर पडलेलं पाणी यात महिन्याला मोठा फरक दिसला तर दोनच जागा बघायच्या: उर्ध्ववाहिनीची गळती, किंवा टाकी भरून वाहणं. दुसरं कारण लोक मान्य करत नाहीत, पण पंप सुरू करून माणूस चहाला गेला की ते रोज घडतं.

मोठे मीटर घ्यायला पैसे नसतील तोवर टाकीच मीटर आहे. ५ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ सेंमी उतरली म्हणजे १९६ लिटर गेले. रात्री एका वाडीच्या लाइन भरून घ्या, त्या वाडीतल्या सगळ्यांना तोट्या आणि टाक्यांचे कॉक बंद ठेवायला सांगा, बाकीच्या वाड्यांचे व्हॉल्व्ह बंद करा, टाकीत येणारं पाणी बंद करा आणि पट्टी लावून दोन तास थांबा. ६ सेंमी उतरली तर त्या एका वाडीत तासाला जवळजवळ ६०० लिटर गळतंय. एकेक वाडी करत गेलात की कुठे खणायचं ते कळतं. गळतीच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात: फेरूलचा (मुख्य लाइनमधून घराची जोडणी जिथे घेतात त्या तुकड्याचा) सांधा, रस्त्याखालून गेलेला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, आणि सड्यावर कातळ फोडण्याचा खर्च वाचवायला उघड्यावर टाकलेला एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप. हा शेवटचा पाइप फेब्रुवारी ते एप्रिलच्या वणव्यात जळतो किंवा नुसता मऊ होऊन सांध्यात निखळतो. त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत डिसेंबरातच कापून टाकणं हे पाणीपुरवठ्याचंच काम आहे.

हे सगळं करून मग घरचा मीटर.

घराला १५ मिमीचा, आयएस ७७९ चा, क्लास बी, मल्टीजेट (आतल्या पंख्यावर अनेक बाजूंनी धार पडणारा), कोरड्या डायलचा घ्यावा. क्लास का बघायचा ते सांगतो. १५ मिमीचा क्लास बी मीटर तासाला ३० लिटरपासून पुढे ±५ टक्क्यांत आणि १२० लिटरपासून पुढे ±२ टक्क्यांत मोजायला बांधील असतो. क्लास ए मध्ये हेच आकडे ६० आणि १५० लिटर. आता घरोघरी गच्चीवर टाकी आणि त्यात फ्लोट असतो. टाकी भरत आली की फ्लोट हळूहळू मिटतो आणि शेवटचं पाणी बारीक धारेने येतं. ही धार क्लास ए च्या मीटरला दिसतच नाही. तासाला १० लिटरची गळती तर क्लास बी मध्येही निसटू शकते, आणि ती महिन्याला ७,२०० लिटर होते, चार माणसांच्या पूर्ण घराएवढी.

याच कारणाने ‘आम्हाला मोठा मीटर द्या’ ही मागणी मान्य करू नका. होमस्टे किंवा मोठं घर असेल तर २० मिमी पुरे. १५ मिमीचा मीटरसुद्धा तासाला दीड हजार लिटर आरामात देतो. तुमच्याकडे पाणी कमी येत असेल तर मीटर बदलून ते वाढणार नाही.

कोरडा डायल हवा, म्हणजे आकड्यांचा भाग पाण्यापासून वेगळा आणि चुंबकाने फिरणारा. आपल्या पावसात डायलमध्ये वाफ धरते आणि ऑगस्टात आकडा दिसत नाही. पूर्ण सीलबंद डायल मिळत असेल तर शे-दोनशे जास्त देऊन तोच घ्या. चुंबक लावून मीटर थांबवण्याचा उद्योग टाळायला चुंबकरोधक आहे का हे विचारून घ्या. किनाऱ्यापासून जवळ असाल तर लोखंडी पेटी नको. खाऱ्या हवेत तिची कडी आणि बिजागरी आधी जाते, मग झाकण. जांभ्यातून येणारं आपलं पाणी सौम्य आणि किंचित आम्लधर्मी असतं, ते जीआय पाइप आतून खातं. पितळी मीटरला जीआय निपल थेट जोडला की तो जोड आधी सडतो. मीटरच्या दोन्ही बाजूंना एमडीपीई किंवा सीपीव्हीसी (दोन्ही प्लास्टिकचे पाइप) ठेवा.

उताराचं गाव असेल तर दाबाकडेही बघा. दर १० मीटर उतारामागे चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब. साधे मीटर १० किलोपर्यंतचे असतात. टाकी सड्यावर १२० मीटरवर आणि घर भाटीत (खालच्या सखल भागात) ५ मीटरवर असेल तर बंद तोटीवर साडेअकरा किलो येतात. तिथे मधे दाबतोड टाकी (दाब तोडायला उतारावर मधेच ठेवलेली उघडी टाकी) नसेल तर मीटर, फ्लोट आणि बाथरूमचे नळ सगळेच वर्षभरात बदलावे लागतील.

जोडणी अशी करावी. फेरूलपासून आलेली लाइन आवारात शिरते तिथेच, गडग्याच्या (आवाराच्या दगडी कुंपणाच्या) आतल्या बाजूला पण बाहेरून वाचता येईल असा मीटर ठेवा. बंद घराच्या पडवीत लावलेला मीटर आठ महिने कोणी वाचू शकत नाही. आधी १५ मिमीचा बॉल व्हॉल्व्ह, मग जाळी, मग सरळ पाइप, मग मीटर, मग एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग घरमालकाचा कॉक. सरळ पाइप मीटरच्या आधी व्यासाच्या दहापट, १५० मिमी, आणि नंतर पाचपट, ७५ मिमी ठेवतात. मल्टीजेटला एवढं काटेकोर लागत नाही, पण एल्बो थेट मीटरला चिकटवू नका. मीटर आडवा, डायल आकाशाकडे, अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने. तिरका लावला तर आतला पंखा एका बाजूने घासतो आणि कमी प्रवाहात मीटर गोगलगाय होतो. मीटर लाइनच्या उंचवट्यावर नको, तिथे हवा साठते. दोन्ही बाजूंनी पाइप थोडा वर चढेल अशा खोलग्यात ठेवला की मीटर नेहमी पाण्याने भरलेला राहतो.

मीटर लावण्याआधी लाइन धुवा. १५ मिमीच्या मीटरची लांबी १६५ मिमी असते. तेवढ्याच लांबीचा पाइपाचा तुकडा मीटरच्या जागी लावून दहा मिनिटं पूर्ण पाणी सोडा. कापलेल्या पाइपाचा कीस, टेपचे धागे, लाल माती सगळं निघून जातं. हे न करता बसवलेला मीटर पहिल्याच आठवड्यात अडकतो आणि दोष मीटरला लागतो. युनियन नटाच्या जोडात वायसर बसतो, तिथे टेफलॉन टेप गुंडाळू नये. टेप फक्त आट्यांवर. नट हाताने घट्ट करून पान्याने अर्धा वेढा, त्यापुढे वायसर चिरडतो. शेवटी सील तार, आणि सुरुवातीचं वाचन घरमालकाच्या सहीने नोंदवणं. चेंबर चिऱ्याचं चांगलं, पण तळाला पाणी जायला भोक ठेवा आणि काठ जमिनीपासून वीतभर वर घ्या, नाहीतर जूनमध्ये ते विहीर होतं.

जाळी वर्षातून दोनदा साफ करायची: पहिल्या मोठ्या पावसानंतर, लाइनमध्ये लाल पाणी येऊन गेलं की, आणि दसऱ्याच्या सुमारास. ‘पावसात पाणी कमी येतं’ या तक्रारीतल्या कितीतरी जाळीशी येऊन संपतात.

आता हवेबद्दल. होय, हवेने मीटर फिरतो. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास सुटतं. उरलेला वेळ लाइन रिकामी असते. पाणी सुटलं की पुढची हवा मिळेल त्या तोटीतून बाहेर पडते आणि मीटरच्या पंख्याला ती पाण्यासारखीच. पण किती, ते मोजता येतं. ६३ मिमीच्या एचडीपीई पाइपाचा आतला व्यास ५५ मिमी धरला तर ३०० मीटर लाइनमध्ये सव्वासातशे लिटरच्या आत हवा मावते. ती ४० घरांत वाटली गेली तर घरटी रोज १८ लिटर, महिन्याला साडेपाचशे लिटर. हजार लिटरला ४ रुपये दर असेल तर दोन-सव्वादोन रुपये. वरच्या अंगाच्या आणि टोकाच्या घरांना याच्या तिप्पट-चौपट हवा मिळते, आणि हलकी हवा पंख्याला वाजवीपेक्षा जोरात फिरवते, म्हणून तिथे दहा-पंधरा रुपयेही होतील. ग्रामसभेत यावरून जेवढा आवाज चढतो तेवढी ही रक्कम नाही.

हवेचं खरं नुकसान दुसरं आहे. हवेने सुसाट फिरणाऱ्या पंख्यावर मागून पाण्याचा लोंढा आदळतो आणि पंखा किंवा दातेरी चाक तुटतं. उपाय घराघरात नाही, लाइनवर आहे: प्रत्येक उंचवट्यावर आणि लाइनच्या टोकाला एअर व्हॉल्व्ह, आणि पाणी सोडणाऱ्याने व्हॉल्व्ह एकदम पूर्ण न उघडणं. आधी दोन वेढे, पाच मिनिटं थांबून मग बाकीचे. पाणी बंद झाल्यावर उलटंही घडतं. उतारावरची लाइन रिकामी होताना वरच्या घरातलं पाणी मागे ओढते, मीटर उलटा फिरतो, आणि बादलीत बुडलेल्या पाइपातून साबणाचं पाणीही लाइनमध्ये जातं. एनआरव्ही त्यासाठी. तो पैसे वाचवायला काढून टाकतात, आणि मग टीसीएल घालूनही टोकाच्या वाडीत पोटं बिघडतात.

मीटर बरोबर आहे का, हे घरी बघायला साधा ड्रम पुरतो. डायलवर काळे आकडे म्हणजे पूर्ण हजार लिटर; लाल आकडे किंवा लाल काट्यांच्या लहान चकत्या म्हणजे त्याचे दशांश. १०० लिटरची खूण केलेला ड्रम नेहमीच्या धारेने भरा, सात-आठ मिनिटांत भरेल अशा, आणि मीटर ९८ ते १०२ दाखवतो का ते बघा. खूण मात्र मापाच्या भांड्याने किंवा वजनाने केलेली हवी. बादलीवर छापलेल्या २० लिटरवर विसंबू नका. मग २० लिटर अर्ध्या तासात, बारीक धारेने. इथे लिटरभर इकडे-तिकडे चालेल. गळती बघायला सगळे नळ बंद करून डायलवरची छोटी चांदणी बघा. ती फिरत असेल तर पाणी कुठे तरी जातंय, बहुधा शौचालयाच्या फ्लशमध्ये.

दर कसा ठेवायचा. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ खाली पाणीपट्टी आकारता येते. दर किती आणि टप्पे कसे हे पाणीपुरवठा समितीने हिशेबासकट ग्रामसभेपुढे ठेवावं. वरचा हिशेब मान्य असेल तर दराचे दोन भाग आपोआप पडतात. प्रत्येक जोडणीला महिन्याला ७५ रुपये स्थिर. त्यातून १,७१,५०० निघतात आणि थोडे उरतात. मीटरची झीज लोकांकडूनच घ्यायची असेल तर आणखी २१. त्यावर वापराचे: ८ हजार लिटरपर्यंत हजारी ४ रुपये, ८ ते १५ पर्यंत १२, त्यापुढे ३०. चार माणसांचं घर माणशी ५५ लिटरने महिन्याला ६,६०० लिटर वापरतं, त्याला १०१ रुपये. वर घरांवर भागून आलेल्या ९६ च्या जवळपास. तेच घर दहा माड नळावर शिंपत असेल तर १७,१०० लिटर आणि २५४ रुपये. हा माणूस पुढच्या वर्षी बागेची वेगळी विहीर साफ करून घेईल किंवा सांडपाणी माडांना वळवेल, आणि तेच अपेक्षित आहे. होमस्टे आणि खानावळींना वेगळा, बिगरघरगुती दर.

दोन सवलती विसरू नका. दहा माणसांचं एकत्र कुटुंब ५५ लिटरनेच १६,५०० लिटर वापरतं. त्याला बागवाल्याच्या टप्प्यात टाकणं अन्याय आहे, म्हणून रेशनकार्डावर चारपेक्षा जास्त माणसं असतील तर प्रत्येकी पावणेदोन हजार लिटर पहिल्या टप्प्यात वाढवून द्या. आणि वरचे टप्पे नोव्हेंबर ते मे एवढेच लावा. गणपतीत पंधरा माणसं दहा दिवस राहिली आणि माणशी शंभर लिटर लागलं तर पंधरा हजार लिटर होतात. तेव्हा विहीर काठोकाठ असते. भाद्रपदात जास्त वापरलेल्या पाण्याने कोणाची तोटी कोरडी पडत नाही, मग दंड कशाचा?

मीटर बंद पडला तर मागच्या दोन महिन्यांची सरासरी लावायची पद्धत आहे. कोकणात ती चुकते. मेमधल्या बंद मीटरला मार्चची सरासरी चालेल, पण ऑक्टोबरातल्याला गणपतीच्या महिन्याची लावली तर घरमालक भांडायला येणारच. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांचा वापर घ्या.

राहिली बंद घरं. वापर शून्य म्हणून बिल शून्य, ही मुंबईकरांची मागणी वरच्या हिशेबात बसत नाही. २०० पैकी ६० घरांनी काहीच दिलं नाही तर १,७१,५०० रुपये १४० घरांवर येतात, महिन्याला ७२ ऐवजी १०२. पंप, माणूस आणि लाइन त्यांच्यासाठीही तयार ठेवलेली असते, शिमग्याला आल्या दिवशी तोटी उघडली की पाणी हवंच असतं. म्हणून स्थिर आकार पूर्ण, वापराचा शून्य. ते नको असेल तर जोडणी फेरूलपाशी कायमची तोडून घ्यावी आणि परत घेताना खोदाई, फेरूल आणि सॅडलचा पूर्ण खर्च भरावा. मधला रस्ता ठेवू नका, त्यात दरवर्षी वाद होतात.

आणि बंद घरवाल्यांनी निघताना मीटरच्या आधीचा बॉल व्हॉल्व्ह बंद करावा, मागच्या दारचा नव्हे. तासाला १० लिटरची फ्लशची गळती आठ महिन्यांत ५७ हजार लिटरच्या वर जाते. व्हॉल्व्ह बंद करून डायलचा फोटो फोनमध्ये ठेवा. परत आल्यावर आकडा हलला असेल तर एकतर व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा शेजारी पाइप जोडला आहे, आणि दोन्ही पहिल्याच दिवशी बघून घेता येतं.